साइटवरचा सिलिंडर साखळीने का बांधायचा? ‘स्फोट’ कसा होतो, नियम काय सांगतात आणि जबाबदारी कोणाची?

बांधकामाची कोणतीही साइट बघा. ग्रिल बनवणारं फॅब्रिकेशनचं दुकान बघा किंवा हायवेकडेचं गॅरेज. एका कोपऱ्यात दोन सिलिंडर उभे दिसतात. एक काळा, एक मरून. काळ्यात ऑक्सिजन, मरूनमध्ये अ‍ॅसिटिलीन, ज्याला बाजारात ‘डीए’ म्हणतात. दोन्ही भिंतीला टेकवलेले असतात. फरशी वाकडी असेल तर खाली विटेचा तुकडा सरकवलेला असतो. साखळी नसते. व्हॉल्व्हवरची लोखंडी टोपी कधीच हरवलेली असते.

रोज हेच चित्र पाहून ते सगळ्यांना नॉर्मल वाटायला लागतं. मग कधीतरी बातमी येते, ‘सिलिंडरचा स्फोट, कामगार ठार’. ठेकेदारावर गुन्हा दाखल होतो, दोन दिवस व्हिडिओ फिरतात आणि विषय संपतो. सिलिंडर का फुटला, मुळात तो फुटला होता का, हे मात्र बहुतेक वेळा समोरच येत नाही.

हे समजून घेणं महत्त्वाचं आहे, कारण यातले बरेचसे अपघात टाळण्याचा खर्च फार मोठा नसतो. तो एक साखळी, एक टोपी आणि एका ट्रॉलीइतका असतो.

बातमीतला ‘स्फोट’ नेमका कोणता?

‘सिलिंडरचा स्फोट’ या दोन शब्दांत किमान चार वेगवेगळे अपघात येतात.

पहिला म्हणजे गळती होऊन उडालेला भडका. गॅस नळीतून, रेग्युलेटरमधून किंवा नीट बंद न केलेल्या व्हॉल्व्हमधून बाहेर येतो, बंद जागेत साठतो आणि ठिणगी पडताच पेटतो. भिंती कोसळतात, माणसं भाजतात, पण सिलिंडर बऱ्याचदा धड असतो. फुटलेली असते ती खोली.

दुसरा म्हणजे फ्लॅशबॅक. कटिंग टॉर्चच्या तोंडाशी असलेली ज्योत उलटी आत शिरते आणि नळीतून मागे सिलिंडरच्या दिशेने धावते. गॅसचा दाब चुकीचा ठेवला, नोझलमध्ये कचरा अडकला किंवा नोझल जास्त तापलं की हे घडू शकतं. ही आग अडवण्यासाठी फ्लॅशबॅक अरेस्टर नावाचा छोटा भाग बसवतात. अनेक साइट्सवर तो दिसतच नाही.

तिसरा म्हणजे व्हॉल्व्ह तुटणं. उभा सिलिंडर आडवा पडतो, त्याची मान एखाद्या कडेवर आपटते, व्हॉल्व्ह निखळतो आणि आतला गॅस एकाच भोकातून सुटतो. इथे आग लागतेच असं नाही. सिलिंडरच रॉकेटसारखा सुटतो.

चौथा म्हणजे सिलिंडरची भिंत फाटणं. गंजून पातळ झालेला पत्रा, क्षमतेपेक्षा जास्त भरलेला गॅस, चुकीचा गॅस किंवा बाहेरून लागलेली आग ही त्याची कारणं असतात.

चारही प्रकारांची कारणं वेगळी, उपाय वेगळे आणि दोषीही वेगळे असू शकतात. गळतीसाठी नळी न बदलणारा ठेकेदार जबाबदार असेल, तर भिंत फाटल्याबद्दल तपासणीची मुदत संपलेला सिलिंडर भरून देणारा प्लांट. सगळ्यांना एकच शब्द लावला की हा फरक पुसला जातो.

एका सिलिंडरमध्ये किती ताकद असते?

कटिंग-वेल्डिंगसाठी वापरल्या जाणाऱ्या ऑक्सिजनच्या नेहमीच्या मोठ्या सिलिंडरमध्ये साधारण ४६ ते ४७ लिटर जागा असते. त्यात सुमारे ७ घनमीटर ऑक्सिजन दाबून भरलेला असतो. भरलेल्या सिलिंडरमधला दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १५० किलो असतो. कारच्या टायरमध्ये तो साधारण सव्वादोन किलो असतो. म्हणजे टायरच्या जवळपास ६५ ते ७० पट.

आता साधा हिशोब करू. सिलिंडरच्या मानेचं भोक सुमारे अडीच सेंटीमीटर व्यासाचं असतं. त्याचं क्षेत्रफळ साधारण ५ चौरस सेंटीमीटर. व्हॉल्व्ह मुळापासून निखळला तर सुरुवातीच्या क्षणी १५० गुणिले ५, म्हणजे सुमारे ७५० किलोचा जोर एका दिशेने लागतो. गॅससकट सिलिंडरचं वजन असतं ६० ते ७० किलो. स्वतःच्या वजनाच्या दहापट जोराने ढकललेली लोखंडी वस्तू विटांच्या भिंतीला थांबत नाही.

यात ऑक्सिजन पेटण्याचा प्रश्नच नाही. नायट्रोजन किंवा आर्गनसारखा अजिबात न जळणारा गॅस असला तरी हेच होईल. ‘हा गॅस पेटत नाही, मग कशाला घाबरायचं?’ हा साइटवरचा समज म्हणूनच धोकादायक आहे.

या ताकदीचं एक गाजलेलं उदाहरण २५ जुलै २००८चं आहे. हाँगकाँगहून मेलबर्नला निघालेल्या क्वांटास कंपनीच्या बोइंग ७४७ विमानात आपत्कालीन वापरासाठी ठेवलेला ऑक्सिजनचा एक सिलिंडर हवेतच फुटला. विमानाच्या बाजूला मोठं भगदाड पडलं आणि सिलिंडरचा भाग केबिनची जमीन फोडून वर आला. विमान मनिलाला सुखरूप उतरलं, कोणाचा जीव गेला नाही. पण एक सिलिंडर काय करू शकतो, हे जगाने पाहिलं.

प्रत्येक गॅसचा स्वभाव वेगळा

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्या प्रत्येक गोष्टीला बळ देतो. जास्त दाबाचा ऑक्सिजन तेल किंवा ग्रीसच्या संपर्कात आला तर ठिणगीशिवायही आग लागू शकते. म्हणून घट्ट बसलेला व्हॉल्व्ह सैल करायला त्यावर तेल सोडणं जीवघेणं ठरतं. अंगावरची धूळ उडवायला किंवा कोंदट टाकीत ‘हवा खेळती’ करायला ऑक्सिजन सोडणंही तितकंच धोक्याचं. कपड्यांत ऑक्सिजन भरून राहतो आणि मग एक ठिणगी पुरते.

अ‍ॅसिटिलीन त्याहून नाजूक. तो थोडा जास्त दाबला तर हवेशिवायही विघटन होऊन फुटू शकतो. म्हणून त्याच्या सिलिंडरमध्ये स्पंजसारखा सच्छिद्र पदार्थ आणि अ‍ॅसिटोन भरलेलं असतं. गॅस त्यात विरघळलेल्या अवस्थेत राहतो. ‘डीए’ हे नाव त्यावरूनच आलं, विरघळवलेलं अ‍ॅसिटिलीन. हा सिलिंडर आडवा ठेवून वापरला तर गॅससोबत अ‍ॅसिटोनही बाहेर येतं आणि आतलं संरक्षण कमी होतं. आडवा आणलेला असेल तर वापरण्याआधी काही तास उभा ठेवावा लागतो. नळी जोडायला निव्वळ तांब्याचा तुकडा वापरणंही चालत नाही, कारण तांब्याशी संयोग होऊन स्फोटक पदार्थ तयार होतो.

एलपीजी सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो आणि बाहेर आल्यावर हवेपेक्षा जड असतो. तो वर उडून जात नाही. तळघरात, लिफ्टच्या खड्ड्यात, गटारात साचतो आणि दूरच्या ठिणगीची वाट पाहतो.

आर्गन, नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड या गॅसना भडका नसतो, पण बंद टाकीत किंवा खड्ड्यात गळले तर ते हवेतल्या ऑक्सिजनची जागा घेतात. आर्गन आणि नायट्रोजनला वासही नसतो. आत उतरलेला माणूस काही कळण्याआधी बेशुद्ध पडतो आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच कोसळतो.

उन्हामुळे सिलिंडर फुटतो का?

विदर्भात पारा ४५ अंशांवर गेला की ‘उन्हामुळे सिलिंडर फुटला’ अशा पोस्ट फिरतात. यात अर्धंच सत्य आहे.

ऑक्सिजनसारख्या गॅसचा दाब तापमानाबरोबर वाढतो, पण मर्यादेत. १५ अंशांना १५० किलो असलेला दाब सिलिंडर ६५ अंशांपर्यंत तापला तर सुमारे १७५ किलोपर्यंत जातो. अशा सिलिंडरची चाचणी साधारण २५० किलो दाबावर होते. म्हणजे निरोगी सिलिंडर नुसत्या उन्हाने फुटू नये. फुटलाच, तर तो आधीच कमजोर असण्याची शक्यता मोठी.

एलपीजी किंवा क्लोरीनसारख्या द्रवरूप गॅसचं गणित वेगळं आहे. द्रव तापला की फुगतो, म्हणून सिलिंडरमध्ये वर मोकळी जागा सोडावीच लागते. काठोकाठ भरलेला सिलिंडर तापला तर द्रवाला फुगायला जागा उरत नाही आणि दाब झपाट्याने चढतो. बेकायदा रिफिलिंग धोक्याचं असण्याचं हे एक मोठं कारण. तिथे वजनाची अचूक मोजणी क्वचितच होते.

सावली आवश्यकच आहे. पण खापर उन्हावर फोडलं की भरणारा आणि तपासणारा दोघेही सुटतात.

नियम काय सांगतात?

भारतात या विषयावर ‘गॅस सिलिंडर नियम, २०१६’ लागू आहेत. ते १८८४च्या स्फोटके कायद्याखाली येतात. अंमलबजावणी ‘पेसो’, म्हणजे पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना करते. केंद्राच्या वाणिज्य आणि उद्योग मंत्रालयाखालच्या या संघटनेचं मुख्यालय नागपुरात आहे.

नियमांतल्या काही गोष्टी सामान्य वाचकालाही आश्चर्य वाटायला लावतील.

भरलेला सिलिंडर सायकलवरून किंवा कोणत्याही दुचाकीवरून नेण्यास मनाई आहे. स्कूटरच्या पायाजवळ सिलिंडर अडकवून नेण्याचं दृश्य गल्लोगल्ली दिसतं, पण ते नियमात बसत नाही. वाहनातून नेताना सिलिंडर वाहनाच्या बाजूंच्या किंवा मागच्या कडेबाहेर येता कामा नये.

सिलिंडर घसरवणं, पाडणं किंवा त्याच्याशी खेळणं याला बंदी आहे. हाताळताना त्याला पुरेसा आधार हवा आणि हलवताना शक्य तिथे ट्रॉली वापरावी. क्रेनने उचलायचा तर योग्य पाळणा किंवा प्लॅटफॉर्म हवा. विद्युतचुंबकाने उचलायला मनाई आहे. द्रवरूप गॅसचे सिलिंडर उभेच आणि धक्क्याने पडणार नाहीत असे ठेवायचे. व्हॉल्व्ह आणि जोडण्यांना तेल लावायचं नाही. साठवण थंड, कोरड्या आणि हवेशीर जागी.

‘पडणार नाहीत असे ठेवा’ ही अट पाळण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे साखळी. ती सिलिंडरच्या निम्म्या उंचीच्या वर बांधायची. खाली बांधली तर सिलिंडर तिच्यावरूनच उलटतो. अमेरिकेचे बांधकामाचे नियम याबाबतीत अधिक नेमके आहेत. साठवणीत ऑक्सिजन आणि ज्वलनशील गॅस यांच्यात २० फुटांचं अंतर किंवा ५ फूट उंचीची आग रोखणारी भिंत हवी, असं ते आकड्यांत सांगतात. आपल्याकडचं ‘पुरेसं अंतर’ साइटवर पोहोचेपर्यंत दोन विटांचं होतं.

सिलिंडरची ठराविक मुदतीने दाबचाचणीही सक्तीची आहे. ऑक्सिजनसारख्या गॅसच्या सिलिंडरसाठी ही मुदत साधारण ५ वर्षांची असते आणि चाचणीची तारीख सिलिंडरच्या खांद्यावर ठोकलेली असते. घरगुती एलपीजीवर हीच माहिती वेगळ्या पद्धतीने असते. वरच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे. ‘ए’ म्हणजे जानेवारी ते मार्च, ‘बी’ एप्रिल ते जून, असं पुढे. ती पुढच्या चाचणीची मुदत असते.

मग नियम पाळले का जात नाहीत?

पहिलं कारण म्हणजे सिलिंडर कोणाचाच नसतो. तो गॅस कंपनीचा किंवा वितरकाचा असतो, टेम्पोवाला तो आणतो, मुख्य ठेकेदाराच्या साइटवर तो उतरतो, पोट-ठेकेदाराचा कटर तो वापरतो आणि हेल्पर तो ढकलतो. टोपी कुठे हरवली हे यातल्या कोणालाच ठाऊक नसतं, कारण प्रत्येकाच्या हाती सिलिंडर येतो तो टोपीशिवायच.

दुसरं कारण म्हणजे परवान्याची रेषा. थोड्या साठ्याला पेसोचा परवाना लागत नाही. एलपीजीसाठी ही मर्यादा १०० किलोची आहे, इतर गॅससाठी सिलिंडरच्या संख्येवर किंवा वजनावर. छोट्या साइट्स या रेषेखाली राहतात. पण परवाना लागत नाही याचा अर्थ हाताळणीचे नियम लागत नाहीत, असा नाही. व्यवहारात मात्र जिथे परवाना नाही तिथे कागद नाही, आणि कागद नाही तिथे तपासणीला कोणी फिरकत नाही.

तिसरं कारण म्हणजे कामाची घाई. कटर दिवसभर जागा बदलत असतो. प्रत्येक वेळी सिलिंडर सोडा, ट्रॉलीवर चढवा, पुन्हा बांधा, यात वेळ जातो. त्यापेक्षा सिलिंडर तिरका करून बुडाच्या कडेवर गोल फिरवत नेणं सोपं. हे कसब हेल्पर पहिल्या आठवड्यात शिकतो. टॉर्च पेटवण्याआधी काय तपासायचं, हे त्याला बऱ्याचदा कोणीच शिकवत नाही.

नव्या श्रम संहितेने काय बदललं?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या. त्यातली ‘व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, २०२०’ इथे महत्त्वाची. १९४८चा कारखाने कायदा आणि १९९६चा बांधकाम कामगारांचा कायदा यांच्यासह १३ जुने कायदे तिने एकत्र केले.

कामगाराच्या बाजूने पाहिलं तर एक तरतूद ठोस आहे. मालकाने कर्तव्य न पाळल्यामुळे कामगाराचा मृत्यू झाला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दंडातली किमान निम्मी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. निष्काळजीपणाने मृत्यूबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली होणारी कारवाई वेगळी. त्यात ५ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

दुसऱ्या बाजूने पाहिलं तर रेषा वर सरकल्या आहेत. वीज वापरणारी जागा ‘कारखाना’ ठरण्यासाठी पूर्वी १० कामगार पुरायचे, आता २० लागतात. बांधकामावर सुरक्षा अधिकारी नेमणं बंधनकारक होतं ते २५० कामगारांपासून. आठ-दहा माणसांचं फॅब्रिकेशन युनिट किंवा सहा मजली इमारतीची साइट यात कुठेच बसत नाही. आणि टोपी नसलेले सिलिंडर दिसतात ते प्रामुख्याने अशाच ठिकाणी.

म्हणून छोट्या जागांसाठी गॅस सिलिंडर नियमांचं महत्त्व उलट वाढतं. ते कामगारांची संख्या विचारत नाहीत. सिलिंडर आहे, म्हणजे नियम आहे.

विसरलेला सिलिंडर आणि निसटलेली दोरी

मुंबईने याचा एक वेगळा चेहरा १४ जुलै २०१० रोजी पाहिला. शिवडीच्या हाजी बंदर भागात पोर्ट ट्रस्टच्या आवारात पडून असलेल्या जुन्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला आणि शंभरहून अधिक लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. हे सिलिंडर दशकाहून अधिक काळ कोणी न्यायलाच आलं नव्हतं. वापरात नसलेला सिलिंडर म्हणजे रिकामा सिलिंडर, हा समज त्या दिवशी महागात पडला. भंगारात आलेले सिलिंडर आजही याच समजातून कापले जातात.

२७ जून २०२२ रोजी जॉर्डनच्या अकाबा बंदरात क्लोरीनची मोठी टाकी जहाजावर चढवताना क्रेनवरून पडली. १३ जण मरण पावले, अडीचशेहून अधिक जखमी झाले. टाकी मोठी होती, पण चूक ओळखीची होती. उचलण्याची साधनं वजनाला पुरेशी होती का, हे उचलण्याआधी पाहिलं गेलं नाही.

साइटवर काय दिसायला हवं?

तज्ज्ञ नसलेल्या माणसालाही या गोष्टी नजरेने तपासता येतात:

• सिलिंडर उभे आणि निम्म्या उंचीच्या वर साखळीने बांधलेले.
• वापरात नसलेल्या आणि वाहतुकीतल्या प्रत्येक सिलिंडरवर टोपी किंवा गार्ड.
• भरलेले आणि रिकामे वेगळे. रिकाम्याचाही व्हॉल्व्ह बंद.
• साठवणीत ऑक्सिजन आणि ज्वलनशील गॅस एकमेकांपासून दूर.
• नळ्यांना चिरा नाहीत, जोड तारेने नव्हे तर क्लिपने आवळलेले.
• टॉर्च आणि रेग्युलेटरकडे फ्लॅशबॅक अरेस्टर.
• गळती तपासायला साबणाचं पाणी. काडी किंवा लायटर कधीच नाही.
• जिना, लिफ्ट आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर एकही सिलिंडर नाही.
• खांद्यावरची चाचणीची तारीख वाचता येते आणि मुदतीत आहे.

यातली एखादी गोष्ट नसेल तर सिलिंडर परत करण्याचा हक्क घेणाऱ्याला आहे. टोपी नसलेला सिलिंडर उतरवून घ्यायला ठेकेदारांनी नकार दिला, तर वितरकाला टोप्या शोधाव्या लागतील. सोसायट्या आणि फ्लॅट घेणारेही साइटवर गेल्यावर टाइल्सचा रंग विचारतात, तसा हा प्रश्न विचारू शकतात.

अपघात झालाच तर पोलिसांबरोबर पेसोलाही कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. त्याचं कारण शिक्षेपुरतं नाही. तज्ज्ञांनी तुकडे पाहिले तरच कळतं की व्हॉल्व्ह तुटला, नळी पेटली की पत्रा फाटला. ते कळलं नाही तर पंचनाम्यात ‘सिलिंडरचा स्फोट’ एवढंच उरतं, आणि शेजारच्या साइटवर दुसरा सिलिंडर तसाच विटेच्या तुकड्यावर उभा राहतो. त्याच्यापासून दोन हातांवर बसून कोणीतरी डबा खात असतो.